शिजलेले अन्न आणि मायक्रोवेव्हची भट्टी

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. ते दादरा-नगर हवेलीतील खडोली या गावाहून आले आहे. सिलवासा म्हटले की आमच्या जुन्या वाचकांना २ ऑगस्ट १९५४ हा दिवस आणि त्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके यांच्यासारख्या मराठी मंडळींनी घेतलेली उडी आठवते. आज त्या प्रदेशाची ओळख कारखान्यांवरून होते, आणि खडोली हे त्यांपैकीच एक गाव. पत्रलेखिका भगिनी एका कारखान्याच्या कचेरीत काम करतात. त्यांचे यजमान पाळीवर जातात. घरात सासूबाई आहेत. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि सध्या औषधांचे फेरे चालू आहेत.

समाचाराला आलेल्या एका परिचित गृहस्थांनी ओट्यावरचा मायक्रोवेव्ह ओव्हन पाहिला आणि निदान करून टाकले. या यंत्राच्या लहरींनीच हे दुखणे आणले. शिवाय विस्तवावरून गेलेले प्रत्येक अन्न मृत असते, तेव्हा आता कच्चे तेवढेच खावे. सासूबाईंनी त्या दिवसापासून शिजलेले अन्न सोडले. मोड आलेले मूग आणि मेथी, गाजराचा रस, खोबरे यांवर तीन आठवडे गेले आणि वजन चार किलोने उतरले. ओव्हन सुनेने आपल्या पगारातून घेतला होता. सासूबाई फार बोलत नाहीत, पण एकदा त्या म्हणाल्या, "तो डबा तूच आणलास." पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, तो आम्ही जसाच्या तसा देतो : "आमच्या घरात हे दुखणे मी आणले का?"

नाही. उत्तर एका शब्दात देता येते, म्हणून ते आधी दिले. कारणे पुढे सांगूच. परंतु त्यांपूर्वी एक गोष्ट तातडीची आहे, आणि ती ओव्हनची नसून मोडांची आहे.

कर्करोगाच्या औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतूंशी झुंजण्याची शरीराची शक्ती तेवढ्या काळापुरती खालावते. अशा वेळी कच्चे मोड हे पोषक अन्न न राहता जोखमीचे अन्न होते. दाण्याच्या सुरकुत्यांत, टरफलाच्या भेगांत जंतू दडलेले असू शकतात. आणि मोड येण्यासाठी आपण जी ऊब आणि ओल देतो, तीच जंतूंनाही मानवते. दाणा भिजवून फडक्यात बांधला की दोघेही एकाच रात्रीत वाढतात. २०११ च्या मे ते जुलै या काळात उत्तर जर्मनीत एक भयंकर साथ उद्भवली. सुमारे चार हजार माणसे आजारी पडली, पन्नासाहून अधिक दगावली, कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली. प्रथम संशय काकडी आणि टोमॅटो यांवर गेला. अखेरीस माग लागला तो मोडांपर्यंत, आणि मोड होते मेथीचे. त्यांचे बी ईजिप्तमधून आलेले होते. मेथी आपल्याला काही परकी नव्हे. पाण्याने कितीही धुतले तरी हे जंतू पूर्णपणे जात नाहीत. शिजवले की जातात. म्हणून मोडांची उसळ करावी, नीट शिजवावी, हा आपल्या घरांतला जुना रिवाजच येथे शास्त्राला धरून आहे. पिकलेले केळे, नीट धुऊन साल काढलेले फळ यांना मना करण्याचे कारण सहसा नसते. तथापि सासूबाईंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना 'गेले तीन आठवडे त्या काय खात आहेत आणि वजन किती उतरले' हे पुढच्या फेऱ्याची वाट न पाहता कळवावे. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही काळ मऊ, शिजलेले आणि कमी चोथ्याचे अन्न देतात ते उगीच नव्हे, आणि औषधांची मात्रा पुष्कळदा वजन पाहून ठरवलेली असते.

आता दुखण्याच्या कारणाकडे वळू. पत्रावरून दिसते की ओव्हन घरात येऊन दीड वर्ष झाले आहे. मोठ्या आतड्यातील कर्करोग बहुधा आतल्या अस्तरावरच्या एखाद्या लहानशा मांसल गाठीपासून सुरू होतो, आणि त्या गाठीपासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे दहा वर्षांचा काळ जातो. म्हणजे ज्या दिवशी तो ओव्हन दुकानाच्या फळीवर होता, किंबहुना घडलाही नव्हता, त्या काळापासून या दुखण्याची वाटचाल चालू असली पाहिजे. दीड वर्षाच्या यंत्रावर दहा वर्षांच्या दुखण्याचे खापर फोडणे हा हिशेब तारखांतच चुकतो. हे सासूबाईंना सुनेने सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलाने सांगावे, असे आम्हांला वाटते.

हे झाले एका घरापुरते. पण समजा, ओव्हन पंधरा वर्षे घरात असता तर? म्हणून यंत्राकडेही पाहिले पाहिजे.

या भट्टीचा जन्म युद्धातला. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघा संशोधकांनी रडारसाठी समर्थ लहरी निर्माण करणारी एक नळी तयार केली. तिला मॅग्नेट्रॉन म्हणतात. पुढे अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांना अशा नळीजवळ उभे असताना खिशातली मिठाई वितळल्याचे जाणवले, आणि १९४५ साली त्यांनी अन्न तापवण्याच्या युक्तीच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९४७ साली बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाएवढी उंच होती; ओट्यावर मावेल असे तिचे रूप १९६७ साली आले. घरोघरच्या ओव्हनमध्ये आजही तीच नळी असते. तिच्यातून निघणाऱ्या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावतात, आणि त्यांची लांबी असते सुमारे १२ सेंटीमीटर. अन्नातील पाण्याचे रेणू या हेलकाव्यांबरोबर दिशा बदलू पाहतात, एकमेकांवर घासतात, आणि त्या घुसळणीतून उष्णता उत्पन्न होते. एवढाच काय तो चमत्कार.

'लहरी' किंवा 'किरण' हे शब्द आले की आपल्या मनात क्ष-किरण आणि अणुबाँब एकदम उभे राहतात. शब्दाने केलेली ही फसगत आहे. क्ष-किरणांच्या कणात एवढी शक्ती असते की तो रेणूतून इलेक्ट्रॉन उडवून देतो, आणि त्यामुळे पेशीतील जनुकांची मोडतोड होऊ शकते. ओव्हनच्या लहरींचा कण खिडकीतून येणाऱ्या साध्या उजेडाच्या कणापेक्षाही सुमारे दोन लाख पटींनी दुबळा असतो. तो रेणू हलवतो, तोडत नाही. अन्नात लहरी 'साठून राहतात' हेही खरे नव्हे. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तशीच ही गोष्ट. दार उघडताच कळ तुटते, नळी बंद पडते, आणि मागे उरते ती उष्णता.

मग लहरी दारातून बाहेर येत नाहीत का? अगदी थोड्या येतात. दाराच्या काचेत जी बारीक छिद्रांची जाळी दिसते, तिची छिद्रे लहरींच्या लांबीच्या मानाने फारच लहान असल्यामुळे उजेड पार होतो आणि लहरी परततात. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेला नियम असा की, यंत्राच्या साऱ्या आयुष्यात त्याच्यापासून ५ सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅटहून अधिक गळती होता कामा नये. यंत्रापासून दूर होऊ लागले की ही गळती झपाट्याने ओसरते. हातभर अंतरावर तिचा अगदी थोडा अंश राहतो. दार वाकले असेल, बिजागरी सैल झाली असेल, जाळी गंजली असेल किंवा दार बंद होताना अडत असेल, तर मात्र तो ओव्हन वापरू नये; आणि कारागिराखेरीज कुणी तो उघडू नये, कारण आतील विजेचा साठा बटण बंद केल्यावरही जिवावर बेतू शकतो. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन शाखेने रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात टाकले, हे आम्ही लपवीत नाही. त्या निर्णयामागे मुख्यतः कानाशी धरलेल्या भ्रमणध्वनीविषयीची, आणि तीही अपुरी, माहिती होती. ओव्हनमध्ये तापवलेल्या अन्नाविषयी त्यात काही नाही.

त्या परिचित गृहस्थांनी दोन दाखले दिले होते, असे पत्रात आहे. एक, सोव्हिएत रशियाने १९७६ साली या भट्टीवर बंदी घातली होती. हा दाखला आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. तो देणाऱ्यांपैकी कुणीही हुकमाचा क्रमांक, तारीख वा मजकूर पुढे ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. उलट १९८० नंतरच्या दशकात सोव्हिएत कारखान्यांतूनच अशा भट्ट्या बाहेर पडत होत्या. दुसरा दाखला स्वित्झर्लंडचा. तो अधिक मनोरंजक आहे, कारण त्यात थोडे सत्य आहे. हान्स हेर्टेल आणि प्राध्यापक बर्नार ब्लान यांनी आठ माणसांवर एक लहानसा प्रयोग केला. त्या आठांत स्वतः हेर्टेलही होते. ओव्हनमध्ये शिजवलेले अन्न घेतल्यावर रक्तात काही बदल दिसले, त्यावरून हेर्टेल यांनी कर्करोगाच्या आरंभाशी नाते जोडले. १९९२ साली एका नियतकालिकाने तो मजकूर मृत्यूच्या सांगाड्याच्या चित्रासह छापला. ब्लान यांनी त्या निष्कर्षापासून अंग काढून घेतले. यंत्र-उत्पादकांची संघटना न्यायालयात गेली आणि हेर्टेल यांचे तोंड बंद करणारा हुकूम मिळवला. १९९८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो हुकूम भाषणस्वातंत्र्याचा भंग करणारा ठरवला. हा निकाल आम्हांला योग्यच वाटतो. कारखानदारांनी संशोधकाचे तोंड बांधावे हे कुणालाही रुचणार नाही. परंतु 'हेर्टेल यांना बोलण्याचा अधिकार आहे' असे न्यायालय म्हणाले. 'हेर्टेल बोलले ते खरे आहे' असे म्हणाले नाही. आठ माणसांच्या रक्तातील थोडक्या चढउतारांवरून कर्करोग सिद्ध होत नाही. लोक मात्र निकालाचा पहिला भाग विसरतात आणि दुसरा भाग पदरचा घालतात.

पोषणाच्या दृष्टीनेही ओव्हनला वाईट नाव मिळाले आहे. २००३ साली स्पेनमध्ये झालेल्या एका पाहणीत ब्रोकोली ओव्हनमध्ये शिजवल्यावर तिच्यातील एका गटाची उपयुक्त द्रव्ये ९७ टक्के नष्ट झालेली आढळली, आणि तो आकडा जगभर फिरला. त्या भाजीत पाणी भरपूर घातले होते, आणि द्रव्ये त्या पाण्यात उतरली होती. वाफवलेल्या भाजीत ती बहुतेक सारी टिकली. थोडक्या पाण्यात, झाकून, थोडा वेळ शिजवले तर ओव्हनमध्ये क जीवनसत्त्व पातेल्यात उकळण्यापेक्षा पुष्कळदा अधिक शिल्लक राहते. भाजी उकळून पाणी मोरीत ओतणे हे आपले खरे पाप आहे, आणि ते ओव्हन येण्यापूर्वीपासून चालत आले आहे.

आता 'मृत अन्ना'चा मुद्दा. आमच्या मते तो ओव्हनपेक्षा महत्त्वाचा, कारण ओव्हन नसलेल्या घरांतही तो पोचतो.

कच्च्या अन्नाचा मोह थोरामोठ्यांनाही पडलेला आहे. १९२९ साली गांधीजींनी 'न शिजवलेल्या अन्ना'चा प्रयोग हाती घेतला. साबरमतीला त्यांच्याबरोबर आश्रमातील काही मंडळीही त्यात उतरली. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, वाटलेला हिरवा पाला, लिंबे आणि मध असा तो आहार होता. 'यंग इंडिया'च्या जूनच्या अंकात त्यांनी त्याविषयी उत्साहाने लिहिले. चूल फुंकण्यापासून स्त्रियांची सुटका हाही त्यात एक हेतू होता, आणि तो हेतू थोरच म्हणावा लागेल. ऑगस्टमध्ये त्यांना आमांश झाला, प्रकृती ढासळली, प्रयोग थांबवावा लागला आणि ते पुन्हा बकरीच्या दुधाकडे वळले. हेही त्यांनी त्याच उघडपणाने छापले. निसर्गोपचारावरचा त्यांचा विश्वास ढळला नाही. १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचन येथे त्यांनी निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले आणि मणिभाई देसाई यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. परंतु स्वतःच्या पोटाने दिलेला निकाल त्यांनी नाकारला नाही. निसर्गोपचाराच्या नावावर आज जे सर्रास सांगितले जाते, त्यात प्रयोगाचा आरंभ तेवढा असतो, शेवट क्वचितच.

१९९९ साली जर्मनीत दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहणाऱ्या पाचशेहून अधिक माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. पंचेचाळिशीच्या आतील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा बंदच पडली होती. ही माणसे सुखवस्तू देशातली. फळे, सुका मेवा, तेल यांची त्यांना ददात नव्हती. तरीही शरीराला इंधन पुरले नाही.

असे का व्हावे? पिठूळ दाण्यातील स्टार्च कच्चा असताना घट्ट वळलेल्या कणांत बांधलेला असतो. पाण्याबरोबर साठ-सत्तर अंशांपर्यंत तापला की कण फुगतात, फुटतात, आणि मग पाचकरसांना वाट मिळते. भात शिजला म्हणजे नेमके हेच झाले. १९९८ साली बेल्जियममध्ये अंड्यावर मोजमाप झाले. शिजलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिन पचले, कच्च्यातील अवघे ५० टक्के. गाजरातील केरोटीन आणि टोमॅटोचा लाल रंग देणारे द्रव्य हेही शिजवून, थोड्या तेलातुपाबरोबर घेतले तर अधिक अंगी लागते. रिचर्ड रँगम या हार्वर्डच्या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ साली एक ग्रंथच लिहून असे प्रतिपादन केले की, विस्तवाने अन्न मऊ केले म्हणूनच माणसाचे आतडे आखूड आणि मेंदू मोठा होऊ शकला. या सिद्धान्तातील काळाविषयी विद्वानांत वाद आहेत. पण शिजलेल्या घासातून अधिक शक्ती मिळते, याविषयी नाहीत.

खरे तर याला परदेशी दाखले कशाला हवेत? जव्हार-मोखाड्यापासून नगर हवेलीपर्यंत सह्याद्रीच्या या उतारावर राहणाऱ्या वारली आणि कोकणा बायांना हे शास्त्र तोंडपाठ आहे. पहिल्या पावसाबरोबर त्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, आणि शेजारी काकडांची आंबट फळे ठेवतात. ज्याने शेवळे कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाल्ली, त्याचा घसा त्याला दिवसभर आठवण देतो. सुईसारख्या बारीक स्फटिकांनी तो टोचून निघतो. सुरण आणि अळू यांचेही तेच. म्हणून चिंच, आमसूल, आणि भरपूर शिजवणे. रानातला कडू कंद तर कापून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात. तसे न केल्यास तो विषच. राजमा कच्चा किंवा कोमट आचेवर अर्धाकच्चा राहिला तर मूठभर दाण्यांनी उलट्या होतात, आणि दहा मिनिटे खळखळ उकळला की तो दोष जातो. वनस्पतीला आपण खाल्ले जावे अशी हौस नसते. तिने स्वतःच्या रक्षणासाठी केलेला बंदोबस्त चुलीवर उतरवावा लागतो. या 'मृत' अन्नावर कित्येक पिढ्या जगल्या आहेत.

आजाऱ्याच्या बाबतीत तर आपली परंपरा अगदी स्पष्ट आहे. आयुर्वेदात शोधनानंतर अग्नी मंद झालेल्या माणसाला आधी पेया, मग विलेपी, मग यूष, असा पायरीपायरीने आहार चढवावा असे सांगितले आहे. त्या क्रमात कच्चे धान्य कोठेही नाही. घरातल्या भाषेत बोलायचे तर भाताची पेज, मऊ खिमट, मुगाच्या डाळीचे कढण. हवेलीत नागलीची आंबील आहे. तीही शिजवूनच पिण्याची. सासूबाईंना जुने हवे असेल, तर हे जुने आहे.

शिजवण्याने काहीच बिघडत नाही, असे मात्र आमचे म्हणणे नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने जाते. त्यासाठी लिंबू वरून पिळावे, पेरू खावा. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की बटाट्यासारखे पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले म्हणजे त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. प्रयोगशाळेतील प्राण्यांत ते कर्करोग करते. माणसांच्या पाहण्यांतून अजून तसा स्पष्ट कौल मिळालेला नाही. उकडलेल्या आणि वाफवलेल्या पदार्थांत ते जवळजवळ होत नाही. तेव्हा काळसर तांबूस वेफर्स आणि करपलेली पोळी यांचा लोभ आवरावा. वरणभातावर संशय घेऊ नये. आणि स्वयंपाकघरात खरोखर जीव घेणारे काही शोधायचेच असेल तर लाकडाच्या चुलीचा धूर पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली. त्या धुराविरुद्ध समाचाराला आलेले गृहस्थ कधी व्याख्यान देत नाहीत.

मग ओव्हनमध्ये दोष नाहीतच का? आहेत, आणि ते वेगळ्याच ठिकाणी आहेत.

पहिला दोष डब्याचा. आमच्या घरांतली जुनी माणसे कामावर स्टीलचा डबा नेत. त्यात काही झिरपत नाही, तो घासला की लख्ख होतो. कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत ओव्हन आले. धातू लहरी परतवतो आणि ठिणग्या उडतात, म्हणून स्टील बाद झाले आणि त्याची जागा प्लास्टिकने घेतली. ओव्हनने आपले जे नुकसान केले असेल, ते या अदलाबदलीत आहे असे आम्हांला वाटते. तापलेल्या प्लास्टिकातून, विशेषतः तेलकट पदार्थात, काही रसायने उतरतात. त्यांपैकी बिस्फेनॉल-ए या द्रव्यावर युरोपीय संघाने बाळांच्या दुधाच्या बाटल्यांपुरती २०११ सालीच बंदी घातली. २०२३ साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांना असे आढळले की, काही प्लास्टिक डबे तीन मिनिटे ओव्हनमध्ये तापवले असता एका चौरस सेंटीमीटरमधून ४२ लाखांपर्यंत सूक्ष्म कण आणि कोट्यवधी अतिसूक्ष्म कण सुटू शकतात. त्या कणांचे शरीरात पुढे काय होते याचा अभ्यास चालू आहे. पण तोपर्यंत ते गिळत राहण्याचे कारण नाही. डब्यावर 'मायक्रोवेव्हसाठी योग्य' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ डबा वितळणार नाही एवढाच समजावा. खाणावळीतून आलेल्या पातळ डब्यांत, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत आणि मेलामाइनच्या बशांत काही तापवू नये. उष्णता सोसणारी काच किंवा चिनी मातीचा वाडगा कचेरीच्या खणात ठेवावा, डबा स्टीलचाच न्यावा, आणि तापवण्यापुरते अन्न वाडग्यात काढावे. कामाच्या जागी ही एक धुण्याची कटकट वाढते, हे मान्य.

दुसरा दोष असमान उष्णतेचा. लहरी अन्नात दोन-तीन सेंटीमीटर शिरतात. आत पुढे उष्णता हळूहळू सरकत जावी लागते. त्यामुळे कडेची आमटी जीभ पोळते आणि मधला गोळा गारच राहतो, आणि त्या गार जागी जंतू सुखरूप असतात. आजाऱ्याच्या अन्नाबाबत हे विशेष सांभाळावे. पसरट भांड्यात, झाकून, मध्येच एकदा ढवळून तापवावे. नंतर दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. सगळीकडून वाफ निघाल्याखेरीज वाढू नये. बाळाचे दूध मात्र ओव्हनमध्ये कधीच तापवू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि आतल्या दुधात एखादा थर चटका देणारा असतो. गुळगुळीत पेल्यात नुसते पाणी ठेवले तर ते उकळी न फुटताही शंभर अंशांवर जाते आणि चमचा घालताच अंगावर उसळते; चहापुरते पाणी शेगडीवरच ठेवलेले बरे.

राहिला भात. पाळीच्या घरांत जेवणाच्या वेळा पांगलेल्या असतात, म्हणून खडोलीच्या भगिनींना हे विशेष लिहितो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. भात शिजला तरी ती मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि त्यांतील काही जाती एक विष सोडतात. त्याने एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७१ च्या सुमारास ब्रिटनमधील चिनी खाणावळींत तळलेल्या भाताने माणसे आजारी पडू लागली, तेव्हा हा प्रकार ध्यानात आला. तेथे दुपारचा भात रात्रीसाठी उघड्यावर ठेवीत असत. जंतू उष्णतेने मरतील, पण हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवले तरी टिकते. म्हणजे नंतर कितीही कडक तापवले तरी उपयोग नाही. वेळ सांभाळणे हाच उपाय. शिजलेला भात लगेच ताटात पसरून निववावा, दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच आणि वाफ येईपर्यंत तापवावा. सासूबाईंची पेज तर दर खेपेस ताजीच करावी. मूठभर तांदळाला वेळ तो कितीसा लागणार? आणि संध्याकाळी सातला शिजवलेला भात यजमान परतेपर्यंत रात्री बारा वाजता ओट्यावरच राहिला असेल, तर तो ओव्हनमध्येही ठेवू नये आणि फोडणीलाही टाकू नये.